गोळी बंद केल्यानंतरचे दहा महिने : एका जोडप्याच्या नैसर्गिक कुटुंबनियोजनाचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरणातील स्त्री ३३ वर्षांची असून नाशिकच्या सिडको भागात पती, सासू-सासरे आणि पहिलीत जाणारा मुलगा यांच्यासह राहते. ती एका पतसंस्थेत लिपिक आहे. पती औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रचालक असून त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. (कारखान्यातले लोक शिफ्टला ‘पाळी’ म्हणतात, या लिखाणात तो शब्द मी केवळ मासिक पाळीसाठी राखून ठेवला आहे.) ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय नोंदी मात्र मूळच्याच ठेवल्या आहेत.

ही स्त्री चार वर्षे संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन या दोन्ही संप्रेरकांची ही गोळी तिला पहिल्यापासून मानवली होती. पाळी ठरल्या दिवशी येई, रक्तस्राव बेताचा होई, पोटात दुखणे जवळजवळ थांबले होते. माझ्या दवाखान्यात ती आली ती गोळ्यांची तक्रार घेऊन नव्हे, तर डोकेदुखीची. बोलता बोलता तिने सांगितले, की डोके दुखू लागण्याच्या आधी डावीकडे एक नागमोडी, चकाकणारी रेघ दिसते, ती हळूहळू मोठी होत जाते, वीस-पंचवीस मिनिटांनी विरते आणि मग अर्धे डोके उठते. गेल्या पाच महिन्यांत असे चार वेळा झाले होते. तिने याचे खापर पतसंस्थेतल्या संगणकावर फोडले होते आणि चष्म्याचा नंबरही तपासून घेतला होता.

पूर्वसूचनेसह, म्हणजे आधी अशी रेघ दिसून, येणारी अर्धशिशी असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन असलेली गोळी देऊ नये, हा नियम जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत सर्वांत कडक वर्गात मोडतो, कारण अशा अर्धशिशीत मेंदूतील रक्तवाहिनी तुंबण्याचा धोका मुळातच थोडा वाढलेला असतो आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालते. रक्तदाब ११८/७६ होता, ती धूम्रपान करत नव्हती, वजन प्रमाणात होते. तरीही गोळी बंद करण्याचा निर्णय माझ्याकडून तत्काळ झाला. पुढे काय, हा प्रश्न मात्र तितका सोपा नव्हता.

पर्याय आणि नकार

तांबी तिने मुलाच्या जन्मानंतर बसवून घेतली होती आणि सात महिन्यांत काढून टाकली होती. त्या काळात रक्तस्राव इतका वाढला होता, की हिमोग्लोबिन खाली गेले होते. केवळ प्रोजेस्टोजेन असलेली गोळी किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन हे पर्याय अर्धशिशीत देता येतात आणि माझा पहिला सल्ला त्यांचाच होता. तिने दोन्ही नाकारले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली आणि सरकारी दवाखान्यांत ‘छाया’ नावाने मिळणारी आठवड्याची गोळीही मी सुचवली. त्या गोळीत संप्रेरक नसते, पण पेशींवर इस्ट्रोजेन जिथे चिकटते, त्याच जागांवर ती काम करते, हे समजल्यावर तिने तीही नको म्हटले. “मॅडम, चार वर्षांत माझं शरीर नेमकं कसं चालतं तेच मला माहीत नाही,” असे ती म्हणाली. संप्रेरकांविषयीच्या ऐकीव भीतीपोटी नकार देणाऱ्या स्त्रिया मी बऱ्याच पाहिल्या आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालते. हा नकार त्या जातीचा वाटला नाही.

नसबंदीचा प्रश्न नव्हता, कारण दुसरे मूल हवे की नको याबद्दल दोघांचे एकमत झालेले नव्हते. उरली ती नैसर्गिक पद्धत, म्हणजे शरीराच्या खुणांवरून सुपीक दिवस ओळखून ते सांभाळायचे. त्या पद्धतीसाठी पात्रता ठरवताना मी याच मुद्द्याला सर्वाधिक वजन देते. अनपेक्षितपणे दिवस राहिले तर ते या घरात अडचणीचे ठरले असते, पण संकट ठरले नसते. ज्या स्त्रीला गर्भारपण जिवावर बेतू शकते, जिच्या हृदयाची झडप खराब आहे किंवा जी फेफऱ्याची काही विशिष्ट औषधे घेते आहे, तिला ही पद्धत मी सुचवणार नाही. तसेच, ज्या घरात ‘नाही’ म्हणण्याची मुभा स्त्रीला नाही, त्या घरातही ही पद्धत कागदावरच राहते.

हिरव्या दिवसांचा घोटाळा

पहिल्या भेटीतच तिने मोबाइलमधले पाळीची नोंद ठेवणारे अ‍ॅप दाखवले. चार वर्षांच्या नोंदींवरून अ‍ॅपने तिचे चक्र २८ दिवसांचे, अत्यंत नियमित असे ठरवले होते आणि पुढच्या महिन्याचे ‘सुरक्षित’ दिवस हिरव्या रंगात आगाऊ रंगवून ठेवले होते. त्या हिरव्या रंगावर तिचा पूर्ण भरवसा होता. वास्तविक त्या ५०-५२ नोंदींपैकी एकही खरी पाळी नव्हती.

हे नीट समजावून सांगण्यात माझा त्या दिवशीचा बराच वेळ गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. २८ गोळ्यांच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकाच्या आणि सात लोहाच्या असतात. संप्रेरकाच्या गोळ्या चालू असताना मेंदूतील पीयूषिका ग्रंथीकडून बीजकोशांना जाणारे संदेश दबलेले राहतात, स्त्रीबीज पक्व होत नाही आणि बाहेरही पडत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, की बाहेरून मिळणारे संप्रेरक थांबते, गर्भाशयाचे पातळ अस्तर गळते आणि रक्तस्राव होतो. त्याला पाळी म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण तो पाकिटाचा हिशेब असतो, शरीराचा नव्हे. त्यामुळे पाकीट २८ दिवसांचे म्हणून चक्र २८ दिवसांचे, हा अ‍ॅपचा निष्कर्ष म्हणजे भाड्याच्या घराचे वीजबिल पाहून मालकाचे उत्पन्न ठरवण्यासारखा होता. जुन्या सर्व नोंदी मी तिला पुसायला लावल्या.

दुसरा समज तिच्या जाऊबाईंकडून आलेला होता : पाळीनंतरचे सात आणि पाळीच्या आधीचे सात दिवस निर्धोक. हा समज आपल्याकडे इतका रुजलेला आहे, की डॉक्टरकडे न जाताच अनेक जोडपी त्यावर चालतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे १० टक्के पारंपरिक पद्धतींवर अवलंबून असल्याचे दिसते. जाऊबाईंच्या समजामागचे मूळ शास्त्र चुकीचे नाही. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले, की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी बाहेर पडते. अडचण ‘पुढच्या’ या शब्दात आहे. पुढची पाळी कधी येणार हे आधी कळत नाही, आणि नुकतीच गोळी सोडलेल्या स्त्रीला तर मुळीच कळत नाही. या प्रकरणात तो फरक किती पडला, हे पुढे येईल.

पद्धत

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर १२ ते २४ तास जगते. शुक्राणू मात्र अनुकूल स्राव असल्यास पाच दिवसांपर्यंत तग धरतात. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात २२१ स्त्रियांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भधारणा ज्या संबंधांतून झाली, ते सर्व बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस अशा सहा दिवसांतच आलेले होते. हे सहा दिवस ओळखायचे कसे, एवढाच सगळा प्रश्न आहे. बीज बाहेर पडून गेले, हे तापमान सांगते. ते बाहेर पडण्याच्या बेतात आहे, हे स्राव सांगतो. दोन्ही एकत्र पाहण्याच्या पद्धतीचा आम्ही अवलंब केला.

तापमानासाठी औषधाच्या दुकानातला साधा डिजिटल थर्मामीटर चालला. सकाळी जाग आल्यावर, उठून बसण्याआधी, बोलण्याआधी, जिभेखाली मोजायचे. बीज बाहेर पडल्यावर बीजकोशात तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरोनमुळे शरीराचे विश्रांतीचे तापमान किंचित वाढते आणि पुढची पाळी येईपर्यंत वाढलेलेच राहते. आधीच्या सहा नोंदींहून जास्त अशा सलग तीन नोंदी मिळाल्या आणि तिसरी किमान ०.४ अंश फॅरनहाइटने वर असली, तर वाढ खरी मानायची.

स्रावाच्या बाबतीत गंमत झाली. बीज पक्व होत येते तसा गर्भाशयमुखाचा स्राव पातळ, पारदर्शक आणि ताणला जाणारा होतो, आणि त्याचे वर्णन सर्वत्र ‘कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा’ असे करण्याची रीत आहे. हे घर माळकरी. तिने आयुष्यात अंडे फोडलेले नव्हते, त्यामुळे ती शून्य नजरेने माझ्याकडे पाहत राहिली. मग भेंडी चिरताना सुरीला जी तार सुटते ती आठवा, असे सांगितल्यावर लख्ख उजेड पडला. त्या दिवसापासून तिच्या नोंदींत ‘कोरडे’, ‘चिकट’ आणि ‘भेंडी’ असे तीनच शब्द आहेत, आणि आता मी इतर स्त्रियांनाही हेच उदाहरण देते. भेंडीसारख्या स्रावाचा शेवटचा दिवस हा शिखराचा दिवस. तो शेवटचा होता हे दुसऱ्या दिवशी स्राव बदलल्यावरच कळते. शिखरानंतरचे तीन दिवस आणि वाढलेल्या तापमानाचे तीन दिवस, यांपैकी जे उशिरा पूर्ण होईल, त्या दिवसाच्या संध्याकाळपासून पाळी येईपर्यंतचा काळ निर्धोक. गोळी सोडल्यावरच्या चक्रांत पाळीनंतरचे दिवस अजिबात निर्धोक धरायचे नाहीत, असे आम्ही ठरवले. त्या सर्व दिवसांत निरोध.

सुरुवातीच्या तपासणीत योनिमार्गात बुरशीचा संसर्ग आढळला, त्यावर आठवड्याभराचे उपचार झाले. संसर्ग असताना स्राव वाचता येत नाही. थायरॉइड चाचणी योग्य मर्यादेत होती. हिमोग्लोबिन १०.९ होते.

दुसऱ्या भेटीला पतीने यावे, अशी अट मी घातली. तो रात्रीची शिफ्ट करून, झोपेने जडावलेल्या डोळ्यांनी आला आणि त्याने सरळ विचारले, “म्हणजे महिन्यातले किती दिवस मोकळे?” मी त्याला सांगितले, की सुरुवातीला दहाच्या आसपास धरा, बाकीचे निरोधाचे. त्याने मान हलवली. निरोध वापरतानाही चुका होतात आणि या पद्धतीत त्या नेमक्या सुपीक दिवसांत होतील, हेही मी सांगून टाकले.

आकडेही दोघांसमोर ठेवले. वर्षभरात १०० जोडप्यांमागे, प्रत्यक्षात लोक जशा वापरतात तशा वापरात, गोळीवर सुमारे ७ आणि निरोधावर सुमारे १३ स्त्रियांना दिवस राहतात. नैसर्गिक पद्धतींसाठी हा आकडा पद्धत आणि शिस्त यांनुसार २ पासून २३ पर्यंत सांगितला जातो. जर्मनीत ९०० स्त्रियांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तापमान आणि स्राव एकत्र पाहणाऱ्यांमध्ये १३ चक्रांत हा आकडा १.८ इतका खाली आला, आणि सुपीक काळात असुरक्षित संबंध टाळणाऱ्यांत ०.६ पर्यंत. या पद्धतीचे पुरस्कर्ते फक्त हाच अभ्यास सांगतात आणि विरोधक फक्त २३ हा आकडा. जर्मनीतल्या त्या स्त्रिया प्रशिक्षकाकडून व्यवस्थित शिकलेल्या होत्या. जाऊबाईंकडून नव्हे, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

भारत सरकारनेही एकेकाळी याच वाटेने जाऊन पाहिले होते. १९२१ मध्ये मुंबईत र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले तेव्हा त्यांचा भर साधनांवर होता. पण स्वातंत्र्यानंतर आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा कल गांधीविचाराला धरून संयमाकडे होता आणि १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने अमेरिकी डॉक्टर एब्राहम स्टोन यांना बोलावून दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे दिवस मोजण्याच्या पद्धतीचे प्रयोग करण्यात आले. स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. त्या प्रयोगांतून फारसे काही हाती लागले नाही. माळ बायकोच्या गळ्यात आणि निर्णय नवऱ्याच्या हातात, अशी ती मांडणी होती. माझ्या मते अपयशाचे एक कारण तिथेच आहे.

पहिली दोन चक्रे

शेवटची संप्रेरक गोळी ९ जूनला घेतली गेली. १२ जूनला रक्तस्राव सुरू झाला आणि तो दिवस पहिला धरून तक्ता सुरू झाला.

पहिले चक्र ४३ दिवसांचे झाले. तीन आठवडे स्राव कधी कोरडा, कधी चिकट. १८ व्या दिवशी एकदा भेंडी, मग पुन्हा कोरडे. शरीराने बीज पक्व करण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, असे अशा नोंदीवरून दिसते. गोळी सोडल्यानंतर गर्भाशयमुखाच्या ग्रंथी पूर्ववत व्हायला आणि चक्र स्थिरावायला काही महिने लागू शकतात. ३० व्या दिवसापर्यंत तापमान ९७.२ ते ९७.५ च्या दरम्यान राहिले, ३२ व्या दिवशी ते ९७.९ झाले आणि मग खाली आले नाही. म्हणजे बीज ३१ व्या दिवसाच्या आसपास बाहेर पडले आणि सुपीक काळ २६ व्या दिवशी सुरू झाला होता.

जाऊबाईंचा नियम आणि अ‍ॅपचा हिरवा रंग या दोघांनीही २२ ते २८ हे दिवस सर्वांत निर्धोक ठरवले होते. त्यातले २६, २७ आणि २८ हे तीन दिवस प्रत्यक्षात सुपीक निघाले. हे मी तिला तक्त्यावर बोट ठेवून दाखवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. २९ व्या दिवसापासून पाळी न आल्यामुळे ती धास्तावली होती आणि दोनदा घरी लघवीची चाचणी करून बसली होती. तापमान वाढण्याआधीच केलेल्या त्या दोन्ही चाचण्यांना काही अर्थ नव्हता, हेही तेव्हा स्पष्ट झाले.

दुसरे चक्र ३६ दिवसांचे, तापमानवाढ २६ व्या दिवशी. इथे नोंदींची एक वेगळी अडचण लक्षात आली. पतीची शिफ्ट सकाळची असे त्या आठवड्यात ती डब्यासाठी पावणेपाचला उठे, इतर आठवड्यांत सहाला आणि रविवारी आठला. उशिरा मोजलेले तापमान थोडे जास्त भरते, त्यामुळे तक्त्यात दर रविवारी एक खोटी टेकडी उभी राहत होती. रविवारीही सहाला गजर लावायचा, मोजायचे आणि पुन्हा झोपायचे, असा तोडगा निघाला. गजर पतीच्या मोबाइलवर लागला आणि आकडा टिपण्याचे काम आपोआप त्याच्याकडे गेले.

स्रावाची नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर होऊ लागली : कोरड्याला टिंब, चिकटला आडवी रेघ, भेंडीला नागमोडी. जिथे दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख लिहिली जाते, तिथे ही तिसरी लिपी कोणाच्या लक्षात येणार नाही, असा तिचा हिशेब होता. सासूबाईंनी आठवड्याभरातच विचारले, की दूधवाला हल्ली इतक्या दांड्या कशा मारतो. मग तारखांखालच्या खुणा आतल्या खोलीतल्या वहीत गेल्या.

सप्टेंबरमधली चूक

तिसरे चक्र ३० ऑगस्टला सुरू झाले. गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरले. ११, १२ आणि १३ सप्टेंबर, म्हणजे चक्राचे १३, १४ आणि १५ हे दिवस, तापमान अनुक्रमे ९७.९, ९८.० आणि ९८.१ आले. तीन वाढलेल्या नोंदी मिळाल्या, काळ निर्धोक झाला, असे दोघांनी ठरवले, आणि १५ तारखेच्या रविवारी असुरक्षित संबंध आला. सोमवारी सकाळी तापमान ९७.४ वर उतरले होते आणि स्राव स्पष्टपणे भेंडीसारखा होता. संध्याकाळी ती पतसंस्थेतून सरळ दवाखान्यात आली.

विचारल्यावर चित्र उलगडले. गौरी जेवणाच्या आदल्या रात्री पुरणाचा घाट दोनपर्यंत चालला होता, पहाटे पाचला ती उठली होती, घसा दुखत होता आणि अंग कसकसत होते. तीन नोंदी या कसकशीच्या आणि जागरणाच्या होत्या. त्या तीन दिवसांत स्रावाची नोंद झालीच नव्हती, कारण एकच न्हाणीघर आणि पाहुणे अकरा. दोन्ही खुणा जुळल्याशिवाय निष्कर्ष नाही, हा नियम तिला पाठ होता. पण एक रकाना मोकळा असताना दुसऱ्या रकान्याने जे सांगितले ते हवेहवेसे होते.

यात माझाही वाटा होता. मी दिलेल्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता. ताप, जागरण, प्रवास, उशिरा उठणे यांची नोंद कुठे करायची हेच ठरलेले नसेल, तर तीन आठवड्यांनी ते कोणाला आठवणार? शिवाय सणासुदीच्या दिवसांत नोंदी विस्कटणार, हे ऑगस्टच्या भेटीतच मला सुचायला हवे होते.

आता निर्णय तातडीचा होता. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. तो तिने पूर्वानुभवामुळे नाकारला. दुसरा उपाय लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची तातडीची गोळी, जी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. तिच्यात इस्ट्रोजेन नसल्यामुळे अर्धशिशीतही ती एकदा घ्यायला हरकत नव्हती. मात्र ही गोळी मुख्यतः बीज बाहेर पडणे लांबवते. बीज बाहेर पडण्याच्या अगदी तोंडावर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो, आणि भेंडीसारखा स्राव सुरू झालेला असल्यामुळे आपण त्या तोंडाच्या किती जवळ आहोत हे सांगता येत नाही, हे मी लपवले नाही. “हार्मोन नको म्हणून एवढं सगळं केलं, आणि शेवटी तेच,” असे म्हणत तिने माझ्यासमोरच गोळी घेतली. दिवस राहिले तर कायद्याने गर्भपाताचा मार्ग खुला आहे, हेही सांगितले. त्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

पाळी ३ ऑक्टोबरला आली आणि तीन आठवडे पूर्ण झाल्यावर केलेली लघवीची चाचणीही नकारात्मक होती. गोळीने वाचवले की नशिबाने, हे या एका प्रसंगावरून ठरत नाही. औषधाचा परिणाम झालेले ते ३४ दिवसांचे चक्र आम्ही सरासरीतून वगळले.

त्यानंतर

नव्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना आला आणि एक नियम वाढला : ज्या चक्रात सलग दोन दिवस नोंद चुकली किंवा ताप आला, ते संपूर्ण चक्र निरोधाचे. हा नियम शास्त्राने सांगितलेला नाही. या घरासाठी आम्ही तिघांनी बसून केलेला आहे. पुढची सहा चक्रे अनुक्रमे ३१, २९, ३०, २८, ३० आणि २९ दिवसांची झाली. तापमानवाढ १६ ते १९ व्या दिवसांत स्थिरावली आणि पूर्ण नोंद झालेल्या चक्रांत निर्धोक काळ नऊ ते अकरा दिवसांचा मिळू लागला. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानांच्या पहाटे नोंदी चुकल्या, पण तोपर्यंत निर्धोक काळ सुरू झालेला असल्याने त्याने काही अडले नाही. जानेवारीत पतीला सलग दोन आठवडे रात्रीची शिफ्ट लागली तेव्हा तिने चक्राच्या मध्यावर तक्ता थांबवला आणि नियमाप्रमाणे ते चक्र निरोधावर काढले.

गोळी बंद झाल्यावर रक्तस्राव वाढला, हे अपेक्षितच होते, आणि नोव्हेंबरमध्ये हिमोग्लोबिन १०.१ झाले. लोहाच्या गोळ्यांनंतर मार्चमध्ये ते ११.४ वर आले. पाळीच्या पहिल्या दिवशीचे पोटात दुखणे परतले आहे, आणि गोळीची आठवण तिला केवळ त्या दिवशी येते, असे ती सांगते. नागमोडी रेघ दहा महिन्यांत एकदाच दिसली. हा गोळी थांबवल्याचाच परिणाम, असे ठामपणे म्हणायला मी तयार नाही, कारण अर्धशिशी आपल्या आपणही कमी-जास्त होत असते; पण गोळी पुन्हा सुरू न करण्याचे कारण मात्र तेवढ्याने सुटत नाही.

हीच स्त्री गोळीऐवजी ‘अंतरा’ इंजेक्शनवरून आली असती, तर हे प्रकरण असे लिहिता आले नसते. त्या इंजेक्शननंतर बीज पुन्हा नियमित बाहेर पडू लागायला शेवटच्या मात्रेपासून सरासरी दहा महिन्यांपर्यंत लागू शकतात. तोवर तक्त्यावर वाचण्यासारखे काही उमटत नाही आणि पाळी न येण्याच्या त्या काळात पहिले बीज कोणतीही सूचना न देता बाहेर पडू शकते. अशा स्त्रियांना मी नियमित चक्रे परत येईपर्यंत निरोधावरच ठेवते.

सद्यःस्थितीत हे जोडपे जी पद्धत वापरते, ती खरे तर निम्मी पद्धत आहे. पाळीनंतरचे दिवस त्यांनी निर्धोक धरायला कधीच सुरुवात केली नाही. नऊ चक्रांच्या नोंदी हाताशी असल्याने आता पहिले पाच दिवस मोकळे धरायचे का, याचा विचार करता येईल, असे मी मार्चमध्ये सुचवले होते. तिने नको म्हटले. सप्टेंबरचा सोमवार तिला पुरेसा आहे, आणि मी तिच्या जागी असते तर हेच ठरवले असते.

शेवटची भेट एप्रिलमध्ये झाली. तक्ता पाहून झाला, रक्तदाब घेतला, पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची दिली. दोघे उठता उठता पतीने विचारले, की ती बिनटाक्याची पुरुष नसबंदी केली तर कारखान्यातून किती दिवस सुट्टी काढावी लागते. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड काम नाही, आणि त्यानंतरही तीन महिने निरोध वापरून वीर्यतपासणी करून घ्यायची, असे मी सांगितले. शिवाय दुसऱ्या मुलाचा निर्णय झाल्याखेरीज मी ती करणार नाही, हेही. तो म्हणाला, “नाही, नुसतं विचारून ठेवलं.” तिने तक्त्याची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि जिन्यावरून उतरताना दोघांचे काहीतरी हळू आवाजात बोलणे सुरू झाले होते.